मासे, पावडर आणि पहिल्या धारेची

वसईजवळच्या वटारला आमच्या वाडीत एक बावखल होतं. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं लहानसं तळं; पावसात तुडुंब भरायचं आणि मग वर्षभर रहाटानं त्याचंच पाणी केळींना आणि भाजीला मिळायचं. त्यातल्या माशांवर आईचा फार जीव. धुणं आटोपलं की ती भाताची शितं टाकायची आणि मासे तिच्या पायांशी गर्दी करायचे. त्यांतलेच चार ती अधूनमधून कालवणातही घालायची, पण त्याचा आणि प्रेमाचा काही संबंध नाही, असं तिचं म्हणणं.

त्या वर्षी हिवतापवाले येऊन घराघरांत डीडीटी मारून गेले. डास गेले, ढेकूण गेले आणि बाबा त्या पावडरीवर भाळले. बावखलाच्या काठावरची वांगी अळ्यांनी पोखरायला घेतली होती. बाबांनी वसईच्या बाजारातून पावडरीचा एक डबा आणला आणि ओटीवर देवासारखा मांडला.

"वांग्यांवर माराल ती पान्याबरोबर बावखलात उतरंल," आई म्हणाली. "माजे मासे मरतील."

"माणसांच्या घरात मारली, माणसं मेली का? मग मासा कसा मरेल?"

मी तेव्हा मुंबईला कॉलेजात विज्ञान शिकत होते आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते. एरवी भातात मीठ किती घालावं यावरही माझं मत कोणी विचारत नसे. आता मात्र दोघंही एकदम माझ्याकडे वळली. मी म्हटलं, प्रयोग करू. ठरलं असं की, बरणीतला मासा मेला तर डबा कायमचा बंद आणि जगला तर वांग्यांवर फवारणी. मला वरवर मजा वाटत होती, पण जबाबदारी मोठी होती. माझं चुकलं तर अख्खं बावखल मेलेल्या माशांच्या पोटांनी पांढरं पडलं असतं.

वाण्याकडून गोळ्यांच्या काचेच्या दोन बरण्या आणल्या. दोन्हींत बावखलाचं पाणी, प्रत्येकीत एकेक बोटभर मासा. एकीत चिमूटभर पावडर, दुसरीत काही नाही. संध्याकाळपर्यंत दोन्ही मासे मजेत. बाबांनी शेजारच्या दोघांना बोलावून बरणी दाखवली, जणू मासा त्यांनीच जन्माला घातला होता.

आई बरणीपाशी वाकली. "अहो, पावडर तर साईसारखी वर बसलीय. पान्यात उतरलीच कुटं?"

ते मला दिसतच होतं. ही पावडर पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटात बऱ्यापैकी विरघळते. वाडीत ऊनपावसानं, चिखलानं, रहाटाच्या घुसळणीनं ती आज ना उद्या माशांच्या पोटात जाणारच. बरणीत मात्र ती नुसती तरंगत बसणार. आधी स्पिरिटात विरघळवून मगच पाण्यात घालायला हवी, असं मी सांगितलं.

स्पिरिट म्हणजे अखेर दारूच. दारूबंदी नुकतीच आली होती आणि आमच्या गावात तिचे सगळ्यात मोठे कैवारी बाबा. देवळासमोर त्यांनी त्यावर भाषण ठोकलं होतं, तेही ऐकणारे उठून जाईपर्यंत.

"माझ्या घरात स्पिरिट?"

"शास्त्रासाठी, बाबा."

त्यांनी मिशी कुरवाळली. मग म्हणाले, "उद्या मी दिवसभर वसईला आहे. घरात काय होतं, मला ठाऊक नाही."

दुसऱ्या दिवशी ते कोपऱ्यावरून वळतात न वळतात तोच आई आणि मी पलीकडच्या ख्रिस्ती बायच्या वाडीत. ही बाय आईची जुनी मैत्रीण. तिच्या केळीच्या बेटामागून कधीकधी धूर निघायचा आणि तो कशाचा, हे कोणीच विचारत नसे.

"कोनाला पायजे?" बायनं डोळे बारीक केले.

"माशांना," आई म्हणाली.

"मासे कवापासून प्याया लागले? आनि माज्याकडं कुटली असनार? मी चर्चला जानारी बाई."

एवढं बोलून ती आत गेली आणि टोपलीभर माठाच्या भाजीखाली बाटली दडवून घेऊन आली. "पहिल्या धारेची हाय. बेतानं पाजा त्यांना."

मी थोड्या दारूत पावडर घोळवली, निवळ तेवढी गाळून चमचाभर पावडरीच्या बरणीत, ताज्या पाण्यात ओतली आणि नवा मासा सोडला. थोड्याच वेळात तो कुशीवर झाला. आईनं आनंदानं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की उरलेली बाटली सांडता सांडता वाचली.

संध्याकाळी बाबा आले. दारातच नाक फेंदारलं आणि ते तडक बरण्यांपाशी गेले. बरणीतल्या माशाकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हा दारूनं पडलाय! पावडरीचा काय दोष? मी इतके दिवस हेच तर ओरडून सांगतोय."

आईनं माझ्याकडे पाहिलं. बाबांची शंका अगदी रास्त होती; दारू आणि पावडर मी एकाच बरणीत घातली होती. कॉलेजात शिकून मला जे सुचायला हवं होतं ते भाषणबाजीतून निघालं, याचा मला भयंकर राग आला. मी फणफणत तिसरी बरणी मांडली: तेवढंच पाणी, तेवढीच दारू, पावडर अजिबात नाही. तो मासाही झोकांड्या खात तळाशी जाऊन पडला. बाबा तृप्त मनानं जेवायला बसले.

सकाळी तिघंही बरण्यांपाशी. साध्या पाण्यातला मासा ठणठणीत. पावडरीच्या बरणीतला तोंड वासून मेलेला. आणि दारूतला? तो जरा सुस्तावला होता, पण आईनं शीत टाकताच वर आला आणि गट्टकन गिळून मोकळा झाला.

बाबांनी त्या शुद्धीवर आलेल्या माशाकडे असं पाहिलं, जणू त्यानं त्यांचं भाषण मध्येच थांबवलं होतं. आई पदरात तोंड लपवून हसत होती. मग त्यांची नजर मेलेल्या माशावर गेली आणि तिथेच राहिली.

"नक्की पावडरीनंच?" त्यांनी मला विचारलं.

"नक्की."

"म्हणजे वांगी गेली," ते हळूच म्हणाले, आणि मला एकदम त्यांची दया आली. त्या वांग्यांसाठी ते उन्हात किती राबले होते, ते मी पाहिलं होतं. त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि फावड्यानं बावखलापासून लांब, रस्त्याकडेला तो पुरायला खड्डा खणायला घेतला.

त्यानंतर वांग्यांचं पान न् पान उलटून अळ्या हातानं वेचायच्या, एवढाच उपाय उरला. बाबा एकटेच वाकले होते. कोणी न बोलावता आई करवंटी घेऊन शेजारच्या ओळीत जाऊन बसली.  करवंटी भरली तेव्हा तिनं ती बावखलात उपडी केली. पाणी उसळलं, मासे एकमेकांवर तुटून पडले.

"खा लेकांनो," बाबा कंबरेवर हात ठेवून म्हणाले. "वांगी माझी आणि मेजवानी तुमची."

आणि पुढची करवंटी, आई बघत नाही असं पाहून, त्यांनी स्वतःच काठाशी नेली.