मांजरसुंब्यात चावी काढून घेणारा माणूस

देवावर माझा विश्वास आहे, माणसांवर मात्र चटकन बसत नाही. मेंढरांच्या बाजारात आयुष्य गेलं. गोड बोलणारा दिसला की आधी त्याचा डाव काय, हेच मनात येतं.

त्या दिवशी नांदूरघाटहून मी आणि बायको मोटारसायकलवर बीडला खंडोबाच्या दर्शनाला निघालो होतो. मांजरसुंब्याला ढाब्यावर टेकलो, तर छातीवर भरलेलं पोतं ठेवल्यासारखं झालं. मागे मेंढी उचलताना छातीत लचक भरली होती, ती दाबली की दुखायची. हे दाबून कमी-जास्त होईना. तिखटाची जळजळ असेल म्हणून सोडा प्यायलो. दुखणं जबड्यापर्यंत चढलं, दरदरून घाम फुटला. तरी "घाट उतरला की बरं वाटंल" म्हणत मी गाडीला चावी लावली.

शेजारच्या बाजेवरचा एक अनोळखी माणूस उठला आणि त्याने चावीच काढून घेतली.

"दादा, गाडी चालवू नका. हे गॅसचं न्हाई वाटत."

"चावी दे बे! तुला काय करायचंय?"

"माझा बाप बी गॅसच म्हणत बसला. दवाखाना गाठायच्या आत गेला."

मला वाटलं, हा गाडी लांबवणार, नाहीतर एखाद्या दवाखान्याचा दलाल असणार. मी बायकोला गळ्यातलं पदराखाली घ्यायची खूण केली. तोवर त्याने १०८ ला फोन लावून, मला भिंतीला टेकवून बसवलं होतं. उठू दिलं नाही.

रुग्णवाहिका आली. चावी बायकोच्या हातात देऊन तो म्हणाला, "खंडोबाला माझा बी नमस्कार सांगा." नाव विचारायचं राहूनच गेलं.

दवाखान्यात कळलं, हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली होती; डॉक्टरांनी ती वेळेत उघडली. घाटात तोल गेला असता तर दोघंही गेलो असतो.

पुढे काही महिन्यांनी पुन्हा छातीत जळजळलं. या वेळी मी घरी अंदाज बांधत बसलो नाही, सरळ दवाखाना गाठला. तपासण्या झाल्या, निघालं पित्त. मी ओशाळलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुन्हा दुखलं तरी असंच यायचं. काय आहे ते आम्ही बघू."

तो माणूस देवाने पाठवला होता का, मला सांगता येणार नाही. माझा संशयी स्वभावही पुरता गेलेला नाही. पण खंडोबापुढे भंडारा उधळताना आता एकच मागतो: देवा, लोक हात देतील तेव्हा तो धरायची बुद्धी दे.