कापडाच्या दुकानातला सागवानी माणूस

पिंपळगाव राजाच्या बाजारात, जिथं आमच्या घरच्या सगळ्या लग्नांचे बस्ते फाडले गेले, त्या कापडाच्या दुकानाच्या दारात एक सागवानी माणूस हात जोडून उभा आहे. डोक्याला फेटा, अंगात बंडी. लग्नाच्या खरेदीला आलेली मंडळी आधी त्याच्या कपाळाला कुंकू लावतात आणि मगच गादीवर बसतात. का लावायचं, हे कोणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

चित्रकला शिकवण्यात माझा जन्म गेला. निवृत्तीनंतर या माणसाचं जलरंगात चित्र काढलं, कपाळावर ठसठशीत कुंकूही दिलं. बरं जमलं म्हणून दुकानदाराला दाखवायला नेलं.

"गुरुजी, हे चाचाले द्या," तो म्हणाला. "त्याईनंच तर कोरला हा दारातला माणूस. त्याईच्या अब्बाचा चेहरा आहे. आता त्याईच्यानं इथंवर येणं होत नाही."

मी लगेच कबूल झालो. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

घरी आल्यावर डोक्यात प्रकाश पडला. चाचा मुसलमान, चेहरा त्यांच्या वडिलांचा, आणि मी कुंकू लावून मोकळा! म्हाताऱ्याचं मन दुखावलं तर? ओल्या ब्रशनं ते पुसायला गेलो. वाळलेला लाल रंग निघत नाही, हे पोरांना ओरडून सांगणारा मीच. कागद खरवडला गेला आणि कपाळावर गुलाबी डाग उरला. तसाच चाचांच्या घरी गेलो.

चाचा बाजेवर बसले होते. चित्र डोळ्यांजवळ धरून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग डागावर बोट ठेवलं.

"अब्बाले इथं लागलं काय?"

मी खरं ते सांगून टाकलं.

"काऊन पुसलं, गुरुजी?" चाचा हसायला लागले. "अब्बा त्याच दुकानात कापड दाखवायच्या कामाले होते. बस्ता झाला का लोकं त्याईले कुंकू लावत. संध्याकाळी ते घरी आले का आम्ही पोट्टे आधी कपाळ पाहत होतो. लाल असलं तं समजायचं, आज लगनवाले आले होते, आज खिशात लाडू आहे. म्हणून तं लाकडातल्या अब्बाचं कपाळ कोरंच ठेवलं मी. लोकं लावतीनच, माहीत होतं."

माझा जीव भांड्यात पडला. इतकं हलकं वाटलं की मीही मोठ्यानं हसलो. चित्र घरी नेऊन दुरुस्त करून आणतो म्हणालो, पण चाचा ते हातातून सोडेनात.

"रंग इथंच आणा," ते म्हणाले. "माझ्यासमोर लावा. अन् जरा मोठं लावा, लगनसराईतलं."