खंडेनवमीला बाहेर आलेली हत्यारं

सातपूरच्या कारखान्यात हत्यारांच्या स्टोअरवर मी लागले, आणि साहेबांनी नवी पद्धत माझ्याच गळ्यात मारली. प्रत्येक कामगाराला नंबराचा पितळी बिल्ला. बिल्ला द्यायचा, हत्यार न्यायचं, संध्याकाळी हत्यार परत करून बिल्ला सोडवायचा. "दसऱ्यापर्यंत हे बसवा, तुम्हाला कायम करतो," साहेब म्हणाले. घरात मी एकटीच कमावती. मी जिवाचं रान केलं.

कशाचं काय! पालथ्या घड्यावर पाणी. नेलेलं ड्रिल पठ्ठे परत आणतील तर शपथ. विचारलं की, "तुटलं मॅडम." "हरवलं मॅडम." ऑफिसातून दुसरा बिल्ला मिळायचाच, मग पहिल्याची फिकीर कोणाला? महिन्याभरात माझ्या फळ्या रिकाम्या. नुसता संताप व्हायचा.

त्यातल्या त्यात सरळ एक फिटर. मनमाडहून रोज गाडीने यायचा, नेलेलं परत करायचा. नवमीच्या दोन दिवस आधी तो अर्ध्या इंचाचं ड्रिल मागायला आला. "संपलंय," मी म्हटलं. बिचाऱ्याचं काम पाळीभर अडून राहिलं.

खंडेनवमीला मशीनवर झेंडू चढले आणि मी बघतच राहिले. तुटलेली, हरवलेली सगळी हत्यारं बाकाबाकावर हळदकुंकू लावून मांडलेली! पूजेच्या दिवशी हत्यार दडवायचं नसतं ना. मेल्यांना साहेबाची भीती नाही, देवीची आहे! मी साहेबांना ओढून आणून दाखवलं. ते पेढा खात म्हणाले, "आज नको हो, सणाचा दिवस आहे."

तणतणत मी स्टोअरमध्ये आले. माझी पूजा राहिली होती. ड्रॉवर उघडला आणि आतली चार ड्रिलं ताटात मांडली. साहेबांनी ऐनवेळी मागितलं तर हाताशी असावीत म्हणून मी ती बाजूला ठेवली होती. कुंकू लावत होते, तेवढ्यात तो फिटर प्रसाद घेऊन खिडकीशी आला. त्याने ताटातलं एक ड्रिल उचललं, निरखून पाहिलं.

"मॅडम, परवा हेच मागत होतो ना मी?"

त्याने खिशातला बिल्ला काढून ताटात ठेवला आणि ड्रिल घेऊन गेला.

दसरा झाला, ये रे माझ्या मागल्या. दिवाळीआधी पद्धत बंद झाली आणि मी घरी बसले. त्या सगळ्यांना मी वर्षानुवर्षं शिव्या घातल्या. त्या एकाला मात्र कधी घालता आल्या नाहीत. मी निघाले त्या दिवशीही त्याचा बिल्ला स्टोअरच्या खिळ्यावर टांगलेलाच होता. सोडवायला तो आलाच नाही.