कोरडा बाक

आमच्या डॉक्टरीणबाई कोणाला माफ करत नसत. चूक लहान असो की मोठी, माणूस मजूर असो की पाटील, बाई ती मनात धरून ठेवत आणि वेळ आली की वसूल करत. बदनापूरला स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचा दवाखाना होता. ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास मी तिथे कंपाउंडर म्हणून लागलो आणि दवाखाना बंद होईपर्यंत तिथेच राहिलो. पोटाच्या दुखण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. जुलाब कॉलऱ्याचे की आवेचे, ताप टायफॉईडचा की साधा, हे त्या पोटावर हात ठेवून आणि चार प्रश्न विचारून सांगत. तरीही लोक त्यांच्या सुईपेक्षा त्यांच्या बाकाला जास्त घाबरत.

बाक व्हरांड्यात होता. दुपार कलली की त्यावर थेट ऊन यायचं. जुलाब-उलट्यांनी सुकलेलं लेकरू आलं की बाई आधी त्याची टाळू बघत, जीभ बघत, मग पोटाची कातडी चिमटीत धरून सोडत. कातडी जागेवर न जाता तशीच उभी राहिली की त्यांचा चेहरा बदलायचा. सलाइन लावून झालं की मान वर न करता विचारायच्या, "पाणी कोणी तोडलं?"

आमच्या भागात तेव्हा जुलाब लागले की पाणी तोडत. वरून घातलेलं खालून जातं, मग घालायचंच कशाला, असा सगळ्यांचा सरळ हिशेब. घरात कोणीतरी तसा हुकूम दिलेला असायचाच. सासू, आजा, नाहीतर गावातलं एखादं शहाणं माणूस. त्याची रवानगी बाकावर. "लेकरू मुतेपर्यंत ह्यांना पाणी न्हाई अन् चहा बी न्हाई," बाई मला बजावायच्या. लेकराला लघवी झाली म्हणजे अंगात पाणी पुरलं, ही डॉक्टरी खूण झाली. पुढचा भाग बाईंचा स्वतःचा होता.

एकदा एक सासूबाई फणकारल्या. "मी काय मुद्दाम केलं का, डॉक्टरीणबाई? नातू हाय माझा."

"मी तरी कुठं मुद्दाम करून राह्यले?" बाई म्हणाल्या. "बसा. घसा कोरडा पडला की नातवाला काय झालं ते बराबर कळंल."

सासूबाई बसल्या. लेकरू बाईंच्या हातात असायचं, त्यामुळे उठून जायची कोणाची टाप नव्हती.

ज्या लेकराला तोंडाने पाणी जात होतं, त्याला बाई सलाइन लावत नसत. मीठ-साखरेचं पाणी वाटीचमच्याने पाजायला लावत. लोकांना हे बिलकुल पटत नसे. बाटली टांगल्याशिवाय इलाज झाला असं वाटतच नसे त्यांना. एकाने ऐटीत सांगितलं, "खर्च्याचं बघू नका, बाटली लावा." बाईंनी त्याच्याच हातात चमचा दिला आणि पूर्ण तांब्या संपेपर्यंत त्याला हलू दिलं नाही.

दुसरी गंमत रसवंतीवाल्याची. एका उन्हाळ्यात एकामागून एक पेशंट यायला लागले आणि "काय प्यायला होतात?" याला सगळ्यांचं उत्तर एकच, उसाचा रस. बाई संध्याकाळी पदर खोचून तिथे गेल्या. रसात घालायचं पाणी ज्या बादलीत होतं, त्यातला ग्लास भरून गिऱ्हाइकांसमोर त्याच्या पुढे धरला. "आधी तुम्ही प्या." पाणी कुठल्या डबक्यातलं आहे हे त्याला ठाऊक होतं. तो काही प्यायला नाही. गिऱ्हाइकं उठून गेली. बाई दवाखान्यात परत आल्या त्या इतक्या खुशीत, की मला स्वतः चहा करून दिला.

एवढा राग कशाचा, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. पेशंट नव्हते, मी सुया उकळत ठेवल्या होत्या, आणि बाई एकदम बोलायला लागल्या. भोकरदनकडच्या एका खेड्यात त्यांचं माहेर. धाकटा भाऊ बाळू, नुकता पळायला लागलेला. त्याला हगवण लागली. घरात शब्द चालायचा काकांचा. काकांनी पाणी तोडलं आणि कोणी चोरून देऊ नये म्हणून स्वतः माठाजवळ बसले. बाळू पाणी-पाणी करत होता. बाईंनी परकराचा सोगा ओला करून त्याच्या तोंडात दिला. तो चोखत होता, तेवढ्यात काकांनी बघितलं आणि सोगा हिसकून काढला. सकाळी बाळू गेला.

"काकांचा लई जीव होता त्याच्यावर," बाई म्हणाल्या. "त्याला खांद्यावरून उतरवत नव्हते. पण म्हणून काय झालं?"

मला विचाराल तर काहीच झालं नाही. जीव होता म्हणून राग कमी करावा, असं मला कधी वाटलं नाही, आजही वाटत नाही.

आणि मग एका मे महिन्यात काका स्वतःच दारात उभे राहिले. मी त्यांना ओळखत नव्हतो. जीपमधून उतरलेला एक म्हातारा, डोक्याला फेटा, दोन्ही हातांवर नातवाला आडवं धरलेलं, मागे रडणारी सून. "सुमे, जल्दी बघ गं," ते म्हणाले. बाईंना नावाने हाक मारणारं माणूस मी तिथे पहिल्यांदाच पाहिलं आणि हे कोण ते समजलो.

बाईंनी लेकराला टेबलावर घेतलं. डोळे खोल गेलेले, रडायला पाणी नाही. पोटाची चिमूट तशीच उभी राहिली. शीर सापडेना. बाईंनी पायाला शोधून सुई घातली, थेंब पडायला लागले, तेव्हा कुठे श्वास सोडला. मग तोच प्रश्न, त्याच आवाजात.

सून खाली बघायला लागली.

"मी तोडलं," काका म्हणाले.

बाईंनी बोटाने व्हरांडा दाखवला.

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. ऊन बाकावर आलं तेव्हा तर जास्तच झाला. म्हातारा ताठ बसला होता, मग वाकला, मग त्याने फेटा सोडून मांडीवर घेतला. ओठ पांढरे पडले. लेकराला लघवी काही होईना. शेवटी मलाच धाकधूक वाटायला लागली. आत जाऊन म्हणालो, "बाई, म्हातारं पडंल."

"पडलं तर त्याला बी सलाइन लावू. बाटल्या हायेत ना?"

संध्याकाळ होता होता सून ओरडली, "मुतलं! बाई, मुतलं!" तिचं लुगडं ओलं झालं होतं आणि ती हसत रडत होती. बाईंनी लेकराची नाडी बघितली, जीभ बघितली. मग माठातून ग्लास भरला आणि स्वतः बाहेर नेऊन काकांच्या हातात दिला.

काकांनी तो तोंडाला लावला नाही. "सुमे, त्या टायमाला बाळूला पाणी पाजलं असतं तर?"

पेशंटच्या नातेवाइकांना बाई नेहमी सांगत, 'नक्की काही बोलता येत नाही.' त्या दिवशी तसं म्हणाल्या नाहीत.

"जगला असता," त्या म्हणाल्या.

काकांनी ग्लास बाकावर ठेवला. नातू बरा होऊन घरी गेला. पुढच्या उन्हाळ्यापासून त्या गावची लेकरं दवाखान्यात यायची ती वाटेत पाणी पीत पीत. आयाच सांगायच्या, म्हातारं दारोदार फिरून पाणी पाजायला लावतंय. मी हे कौतुकाने बाईंच्या कानावर घातलं. "चांगलं हाय," त्या म्हणाल्या आणि पुढचा पेशंट बोलावला.

दोन हजार सालानंतर कधीतरी तीच सून परत आली, एकटी. काका अंथरुणाला खिळले होते, दिवस मोजत होते. "एकदा येऊन जा म्हन्ले," ती म्हणाली. "तुमच्या तोंडून माफ केलं एवढं ऐकायचं म्हन्त्यात."

बाई एका पोरीचं पोट तपासत होत्या. हात न काढता म्हणाल्या, "माझ्याकडं काय मागतात? पाणी मी मागितलं होतं का?"

त्यांनी पोरीला कूस बदलायला लावली.

"बाळूकडंच चाललेत की आता," बाई म्हणाल्या. "तिथं मागा म्हणावं."