सूरजबाईंचा हॉल

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी कुणी तोडफोड करत नाही, हे सूरजबाईंना इतकं उघड वाटत होतं की त्यांनी कुणाला विचारलंच नाही. सकाळी मंदिरातून उसाचा रस घेऊन आल्या, पदर खोचला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या जुन्या फ्लॅटमध्ये पापडाचं पीठ भिजवून मोकळ्या झाल्या. नात रिंकूलाही तोच दिवस हवा होता. साडेतीन मुहूर्तांतला दिवस. त्याच फ्लॅटमधल्या नव्या ऑफिसचं काम आज नाही तर कधी सुरू करायचं? जगदेव मिस्त्री घण खांद्यावर टाकून दारात आला, तेव्हा हॉलमध्ये पाच बाया पोळपाट मांडून बसलेल्या.

कारंजा गावात एके काळी अपार्टमेंट म्हणजे नवल. सूरजबाईंच्या नवऱ्यानं, कस्तुरचंदशेठनी हा फ्लॅट घेतला तेव्हा बाजारातले लोक हसले, "डोक्यावर लोकाचे पाय अन् पायाखाली लोकाचं डोस्कं!" पण हॉल ऐसपैस होता, कोटा दगडाची हिरवी फरशी आरशासारखी घोटलेली. सूरजबाई आसेगावच्या दुकानदाराची लेक. सासरच्या गल्लीतल्या घरात दोन पोळपाट मांडायचे तर तिसरीला उंबऱ्यावर बसावं लागे. हॉल पाहून नवऱ्याला एवढंच म्हणाली, "इथं पापड होतील." सोफा तिनं शेवटपर्यंत येऊ दिला नाही.

आणि झाले पापड. चातुर्मासात हिरव्या भाज्या सुटतात, म्हणून जैनांच्या घरी उन्हाळ्यातच पापड-वड्यांची बेगमी लागते. आज शेजारच्या जमनाबाईंचे, उद्या वरच्या धुरपताबाईंचे. मजुरी नाही, फक्त चहा आणि तेलात बुडवलेली कच्ची लाटी. सगळ्या इमारतीची लग्नं याच फरशीवर जुळली, भांडणं याच फरशीवर मिटली. काही वाढलीही, खोटं कशाला बोला. शेठ गेले, गुडघे गेले, सूरजबाई तळमजल्यावर मुलाकडे राहायला आल्या. वरचं कुलूप वर्षातून चार दिवस उघडायचं, ते पापडांसाठीच.

रिंकू पुण्याहून शिकून आली. दालमिलच्या पोत्यांवरची चित्रं, बियाण्यांच्या जाहिराती, व्हिडिओ असलं काय काय ती करते. तिला भिंतीच्या जागी काच हवी होती आणि फरशीच्या जागी लाकडासारखी दिसणारी टाइल.

"आजी, हे काय?"

"डोळे हायेत ना? पापड."

"अगं, आज काम सुरू करायचं होतं!"

"आखाजीले फोडाफोडी? पुण्यात हेच शिकवलं काय तुले?"

"मी बी तेच म्हटलं, काकू," जगदेवनं घण खाली ठेवला. "घरी आखाजीचे पित्तर जेवाचे हायेत माहे. पण रिंकूबाई म्हणे मुहूर्त. फरशीवर एक घाव घालतो अन् जातो."

"माह्या फरशीवर घालून त पाह्य!"

रिंकूनं मधला मार्ग काढला. "पीठ फ्रिजमध्ये ठेव ना. उद्या लाटा."

पाचही लाटणी थांबली.

"बासी पीठ? जैनाच्या घरी?" जमनाबाई म्हणाल्या. "कस्तुरचंदची नात हे म्हणून राह्यली!"

रिंकूचा चेहरा उतरला. तेवढ्यात धुरपताबाईंनी, लांब केलेला पाय चोळत, तोंड उघडलं. "सूरजबाई, राग नको मानू वो. या फरशीनं माहा गुडघा खाल्ला. तो बाहेर टेबल कोनाचा हाय?"

टेबल ऑफिसचा होता, जिन्याजवळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. तो आत आला, मागून खुर्च्याही. धुरपताबाईंना उठवायला दोघी लागल्या. मग जमनाबाई टेबलाशी गेल्या, मग उरलेल्या दोघी.

"बसा साहेबिनींनो, खुर्चीवर बसा!" सूरजबाई खालूनच म्हणाल्या आणि एकट्याच लाटत राहिल्या. तळव्याखाली फरशी अजून तशीच थंडगार लागत होती.

रिंकू शेजारी उकिडवी बसली. "आजी, दरवर्षी एक दिवस ऑफिस बंद ठेवू. तुम्ही खालीच बसा. आम्ही व्हिडिओ काढू."

"तमाशा हाय का हा?"

वर टेबलापाशी जमनाबाईंनी आवाज बारीक करून कुणाच्या तरी सुनेचं काहीतरी सांगितलं. बायांचा हशा उसळला.

"कोन? कोनाची सून?" सूरजबाईंनी विचारलं. कुणाला ऐकूच गेलं नाही. या हॉलमध्ये इतक्या वर्षांत एकही गोष्ट त्यांच्या कानावर अर्धवट पडली नव्हती. पुन्हा हशा झाला. सूरजबाईंनी हातातला पापड पाहिला. एका बाजूला जाड झाला होता.

"उठव मले," त्या रिंकूवर खेकसल्या. "काहून पाह्यत राह्यली?"

टेबलाशी जाऊन त्यांनी धुरपताबाईंना कोपरानं सरकवलं. "सरक. अन् जमने, पयलेपासून सांग." मग मागं न पाहता, "जगदेव, त्या कोपऱ्यात घाल तुहा घाव. पापडावर धूळ आली त पित्तरांच्या पंगतीत तुले बी बसवीन."

घाव पडला. सूरजबाईंचं लाटणं थांबलं. जमनाबाईही थांबल्या.

"तू कायले थांबली?" सूरजबाई म्हणाल्या. "मंग काय म्हणे सून?"