रोमन गुरुजींची पतलून

स्वतःच्या उघड्या पोटऱ्यांचा इतका अभिमान बाळगणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. आमच्या कारंज्याच्या शाळेत गुरुजी इतिहास शिकवत. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. रोमचा धडा आला की टेबलापुढे येऊन पाय दाखवत सांगायचे, "रोमचे मोठमोठे सरदार अशाच उघड्या पोटऱ्यायनं फिरत. पतलून घाले तो रानटी!" गाव त्यांना रोमन गुरुजीच म्हणे.

एकदा एका मुलीने परीक्षेत लिहिलं, रोमचं साम्राज्य पतलून घातल्यामुळे बुडालं. गुरुजींनी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले. मी तेव्हा नवा मास्तर, त्यांच्या शेजारच्या खोलीत राहणारा. मी हसत हरकत घेतली.

"काऊन? काय चूक लिहलं तिनं?" गुरुजी म्हणाले. "शेवटी बादशहाले हुकूम काढा लागला, का शहरात पतलून घालाची नाई. हुकूम निघाला म्हंजे समजून जा भाऊ, सारेच घालून राह्यले होते."

घरी मात्र हे ऐकायला कोणी नव्हतं. बायको कधीच गेलेली. एकुलता मुलगा नागपुरात साहेब. त्याने एकदा तोंडावर सांगितलं होतं, "बाबा, माझ्याकडे मोठी माणसं येतात. पतलून घालून येत असाल तर या." गुरुजी ताडकन उठून आले, ते येणंजाणंच तुटलं. संध्याकाळी भाकर थापता थापता ते एकटेच रोमच्या गोष्टी बोलत. मधल्या कुडातून मला ऐकू येई आणि फार वाईट वाटे.

मग नातू झाल्याचा निरोप आला, बारशाचं बोलावणंही. दुसऱ्याच दिवशी हा मानी माणूस शिंप्यापुढे मापाला उभा! गावाला काय, आयतीच करमणूक.

"काय गुरुजी, बुडालं का रोम?"

"बुडू द्या. नातू पाह्याचा हाये मले."

मोटारीत मीच त्यांना बसवून दिलं. चार दिवस राहतो म्हणून गेले आणि दुसऱ्याच दिवशी परत आले. मी विचारलं, "मुलगा खूश झाला असेल?"

"घर पाहुण्यायनं भरलं होतं. पोरगं मांडीवर देल्लं मले, घडीभर. मंग दुसऱ्यानं घेतलं."

एवढं बोलून ते खाटेवर बसले. मी चहा टाकला. कप हातात घेताना खाली बघतच म्हणाले, "पतलुनीकडं कोनी पाह्यलंच नाई, भाऊ. माह्या पोरानं बी नाई."