जखमेचा श्रावण

मंडळी, आज आमच्या डहाणूच्या घरात एका जखमेला श्रावण पाळायला लावला गेला.

सासऱ्यांना शुगर आहे. तळपायाची जखम काही केल्या भरेना, म्हणून तलासरीच्या डॉक्टरांनी तिच्यावर कोलॅजनचा पातळ पापुद्रा बसवला. त्याच्या आधाराने नवी कातडी येते आणि तो जखमेतच विरून जातो. काढायचा नसतो. याने जखम भरली नाही तर पाय जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

आज माझ्या दिरांनी त्या पापुद्र्याचं रिकामं पाकीट वाचलं. कोलॅजन माशाच्या कातडीचं! एरवी बोंबलाशिवाय ज्यांना घास उतरत नाही, त्यांना एकदम धर्म आठवला.

"श्रावणात बाबांच्या अंगाला मासा?" असं म्हणत, मी "भाऊजी, थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी पापुद्रा सोलून काढलासुद्धा. सोबत नवी कातडीही निघाली. रक्त पाहून शूरवीर अंगणात पळाले.

आम्ही तलासरी गाठलं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

घरी परतले तर भाऊजी दुधात पावडर ढवळत होते. गुडघ्यांसाठी रोज घेतात. कोलॅजनचीच. डब्यावर हा एवढा मासा छापलेला. मी नुसतं बोट दाखवलं.

"ते औषध आहे, वहिनी."

"मग बाबांच्या पायावर काय होतं, सुरमईचं कालवण?"

खाटेवरून बाबा म्हणाले, "पिऊ दे गं त्याला. माझा पाय गेला, तर मला उचलायला त्याचे गुडघे धड हवेत."

सांगा मंडळी, या भाऊजींना आता जेवायला वाढू का?